उपयुक्त, खर्च, उष्णता : जोसाया वेजवुडच्या धंद्यातील काही प्रश्न

धंद्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाच्या हाती बहुधा उत्तरेच लागतात. रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद, मालाच्या याद्या ही सारी कोणी तरी कोणाला तरी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे होत. मूळ प्रश्न मात्र कागदावर उतरत नाहीत. मालक सकाळी पेढीवर येऊन कारकुनास काय विचारतो, भट्टी उघडल्यावर कारागिरास काय विचारतो, रात्री भागीदारापाशी कोणती शंका काढतो, हे बोलण्याबरोबरच विरून जाते. लहान धंद्याच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. कारण तेथे सर्व माणसे एकाच आवारात वावरत असतात आणि लिहून विचारण्याचे कारणच पडत नाही.

इंग्लंडातील स्टॅफर्डशर परगण्यातील कुंभार जोसाया वेजवुड (१७३०–१७९५) याचे उदाहरण या दृष्टीने अपवादात्मक आहे. त्याचा कारखाना स्टॅफर्डशरात होता आणि भागीदार टॉमस बेंटली प्रथम लिव्हरपूल येथे व १७६९ पासून लंडनमध्ये राहात असे. दोघांची ओळख १७६२ मध्ये झाली. तेव्हापासून नोव्हेंबर १७८० मध्ये बेंटलीचा मृत्यू होईपर्यंत वेजवुड त्याला सतत पत्रे लिहीत राहिला. समोरासमोर बसून जे विचारले असते ते अंतरामुळे लिहून विचारावे लागले आणि म्हणून ते आपल्यापर्यंत पोचले. बेंटलीची उत्तरे बहुतांशी नष्ट झाली आहेत. म्हणजे येथे नेहमीच्या उलट स्थिती आहे : प्रश्न शिल्लक आहेत आणि उत्तरे गेली आहेत.

हे कागद टिकले हाही एक योगच म्हणावा लागेल. लिव्हरपूलचा संग्राहक जोसेफ मेयर याला १८४८ साली बर्मिंगहॅममधील एका रद्दीच्या दुकानात वेजवुड घराण्याच्या कागदांचा मोठा साठा आढळला. लोणी वगैरे जिन्नस बांधून देण्यासाठी त्यातील कागद वापरले जात होते. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे कशी मिळविली हे ज्यांना ठाऊक आहे, त्या मराठी वाचकाला या हकीकतीचे फारसे नवल वाटणार नाही.

वेजवुडवर लिहिलेल्या ग्रंथांची संख्या मोठी आहे. एलिझा मेटयार्ड हिचे दोन खंडांतील चरित्र १८६५–६६ मध्ये निघाले. वेजवुडच्या हिशेबपद्धतीवर नील मॅकेंड्रिक यांचा निबंध १९७० मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून आर्थिक इतिहासकारांचे लक्ष या बाजूकडे वेधले गेले. प्रस्तुत लेखकाचा अधिकार अर्थशास्त्रात नाही. परंतु ही पत्रे भाषेच्या अभ्यासकाने वाचली असता एक गोष्ट ध्यानात येते, व तिच्याकडे इतिहासकारांनी पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही. वेजवुडचे सर्वांत फलदायी प्रश्न हे शब्दांविषयीचे प्रश्न आहेत. धंद्यात सर्वजण रोज वापरीत असलेला आणि सर्वांना कळतो असे सर्वांनी गृहीत धरलेला एखादा शब्द घेऊन, या शब्दात नेमके काय काय येते, असे तो विचारतो. अशा तीन शब्दांचा विचार येथे करावयाचा आहे. त्यांतील मधल्या शब्दाशी आपल्याला अधिक वेळ थांबावे लागेल.

प्रथम प्रश्नांच्या स्वरूपाविषयी थोडेसे. व्याकरणदृष्ट्या प्रश्न दोन प्रकारचे : ज्यांचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे देता येते ते, आणि काय, कोण, किती, केव्हा, का अशा प्रश्नवाचक शब्दांनी विचारलेले. मालक नोकराला जे प्रश्न विचारतो त्यांत पहिल्या प्रकाराचे प्राबल्य असते. माल गेला का? पैसे आले का? भट्टी पेटली का? अशा प्रश्नात उत्तर जवळजवळ भरलेलेच असते. नोकराने मान हलविली की काम भागते. दुसऱ्या प्रकारचा प्रश्न अधिक मोकळा दिसतो, परंतु त्याच्याही पोटात गृहीत गोष्टी असतात. 'नफा किती झाला?' असे विचारणाऱ्याने नफा झाला हे तर धरून चाललेले असतेच, शिवाय नफा कशाला म्हणावयाचे याविषयी दोघांचे एकमत आहे हेही धरलेले असते. हे दुसरे गृहीत सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मराठीत जमा, खर्च, बाकी, नफा, हिशेब हे सारे शब्द अरबी-फारसीतून आले, तर काय, किती, कोण हे प्रश्नवाचक शब्द प्राकृतातून परंपरेने चालत आले आहेत. खात्यांची नावे दरबाराबरोबर बदलतात. विचारण्याची साधने घरचीच राहतात. असो.

वेजवुडच्या कागदांत बर्स्लेम गावातील जुन्या कुंभारकामाची एक यादी आहे. १७१० ते १७१५ च्या सुमारास, म्हणजे त्याच्या जन्मापूर्वी, काळ्या व ठिपकेदार भांड्यांची एक भट्टी आठवड्यात काढावयाची झाल्यास किती माणसे व किती पैसे लागत याचा तो तपशील आहे. जुन्या माणसांच्या आठवणींवरून त्याने तो जमविला. खऱ्या अर्थाने लहान अशा धंद्याचा इतका बारीक हिशेब त्या काळातील फारच थोडा उपलब्ध असल्यामुळे तो सबंध देणे अगत्याचे वाटते. त्या वेळच्या इंग्रजी चलनात १२ पेन्सांचा १ शिलिंग आणि २० शिलिंगांचा १ पौंड होत असे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

सहा माणसे, तीन आठवड्याला ४ शिलिंगप्रमाणे आणि तीन ६ शिलिंगप्रमाणे, मिळून ३० शिलिंग. चार पोरे, प्रत्येकी १ शिलिंग ३ पेन्स, मिळून ५ शिलिंग. झिलईसाठी शिशाची खनिज माती १२ शिलिंगांची आणि मँगनीज ३ शिलिंगांचे. चिकणमाती दोन गाड्या, ४ शिलिंग. दगडी कोळसा ४८ घोडी, म्हणजे घोड्याच्या पाठीवरची ४८ ओझी, दर ओझ्यास २ पेन्सप्रमाणे ८ शिलिंग. आणि त्याच कोळशाची वाहतूक दर ओझ्यास दीड पेनीप्रमाणे ६ शिलिंग. जागेचे भाडे वर्षाला ५ पौंड, म्हणून आठवड्याचे २ शिलिंग. भट्ट्या व हत्यारे यांची झीज वर्षाला १० पौंड, म्हणून आठवड्याचे ४ शिलिंग. भांडी बांधण्यासाठी पेंढा, १ शिलिंग. शेवटी मालकाचा नफा १० शिलिंग, त्याच्या स्वतःच्या श्रमाचे ६ शिलिंग वगळून. एकूण ४ पौंड ५ शिलिंग.

बेरीज बरोबर जुळते. परंतु बेरजेपेक्षा या यादीतील ओळींची निवड अधिक बोलकी आहे. कोळसा आणि कोळशाची वाहतूक या एकाच वस्तूच्या दोन ओळी केल्या आहेत; त्यामुळे, जमिनीतून निघालेला कोळसा भट्टीपर्यंत आणण्यास त्याच्या किमतीच्या तीन चतुर्थांश एवढा खर्च येतो, हे नजरेस येते. ('कोळशाला किती लागले?' असे विचारले असते, तर १४ शिलिंग एवढेच उत्तर मिळाले असते. ट्रेंट व मर्सी या नद्या जोडणाऱ्या कालव्याच्या खटपटीत वेजवुड अग्रभागी होता आणि जुलै १७६६ मध्ये त्या कालव्याची पहिली कुदळ त्यानेच मारली, हे येथे आठवावे.) झिजेची ओळ तर त्याहून महत्त्वाची. झीज ही कोणाला द्यावयाची रक्कम नव्हे. आठवड्याच्या शेवटी तिचा तगादा लावण्यास कोणी दारात येत नाही. रोकड मोजणाऱ्याला ती दिसत नाही. आणि सर्वांत महत्त्वाची ती शेवटची ओळ. चाकावर बसणाऱ्या मालकाला त्याच्या कारागिराइतकीच, ६ शिलिंग, मजुरी धरून नफा तिच्याहून वेगळा काढला आहे. आपल्याकडील किती लहान दुकानदार आजही गल्ल्यातून घरखर्चाला काढलेली रक्कम, स्वतःच्या श्रमाचे मोल आणि दुकानाचा नफा या तीन गोष्टी एकाच शब्दाखाली घालतात, याचा वाचकांनी आपल्या परिचयातील उदाहरणांवरून विचार करावा.

यादीखाली एक टीप आहे. झीज, मालकाचा नफा आणि आणखी काही रकमा जास्त धरल्या गेल्या आहेत. सरासरीने एका भट्टीला ४ पौंड पुरेसे असावेत, कारण वर्णिलेला कारखाना त्या काळाच्या मानाने मोठा होता, असा तिचा आशय आहे. मिळालेले उत्तर लिहून ठेवणे आणि लगेच त्याच्यावर शंका घेणे, ही वेजवुडची रीत या टिपेत दिसते. यादीत एक उणीव मात्र आहे. भट्टीत तडकणाऱ्या व वाकणाऱ्या मालाची ओळ तीत नाही. ती पुढे येईल.

पहिला शब्द : 'उपयुक्त'. वेजवुडने दोन स्वतंत्र भागीदाऱ्या केल्या होत्या. उपयुक्त भांड्यांच्या धंद्यात त्याचा चुलतभाऊ टॉमस वेजवुड १७६६ पासून भागीदार होता. शोभेच्या वस्तूंच्या धंद्यात बेंटली होता, व त्यासाठी इट्रूरिया येथील नवा कारखाना जून १७६९ मध्ये सुरू झाला. दोन्ही धंद्यांचा मालक एक, माती एक, बाजारही बराचसा एक. मग एखादी नवी वस्तू निघाली तर तिचा नफा कोणाच्या खात्यावर? उपयुक्त भांडी दिवसेंदिवस अधिक सुबक होत चालली होती. त्यांच्यावर रंगकाम व सोनेरी काम होऊ लागले होते. बेंटलीच्या मनात यावरून शंका उत्पन्न झाली. सप्टेंबर १७७० मधील एका दीर्घ पत्रात वेजवुडने तिला उत्तर दिले आहे.

हे पत्र अर्थविचाराच्या वर्गात वाचून दाखवावे अशा योग्यतेचे आहे. वेजवुड आधी अयोग्य कसोट्या एकेक करून बाजूस सारतो. बारीक काम, समृद्धी, किंमत, रंग, सोन्याचा मुलामा यांपैकी काहीही भेदक लक्षण होऊ शकत नाही. कारण जेवणाच्या टेबलावरील भांड्यांचा संच कितीही उंची केला आणि त्यातील प्रत्येक नग दिवाणखान्यातील कपाटात मांडण्याजोगा झाला, तरी तो संच उपयुक्त भांड्यांचाच राहतो. चहाच्या किटलीची गोष्ट तीच. रात्री खाटेखाली ठेवावयाच्या भांड्याचीही तीच. मग तो आपली व्याख्या सुचवितो : जेवणाच्या वेळी वापरली जाणारी भांडी ती उपयुक्त. या व्याख्येत हात धुण्याची पात्रे वगैरे काही वस्तू बसत नाहीत हे तो स्वतःच दाखवितो. पण अपवाद थोडे आहेत आणि ते मोजून सांगता येतात, एवढ्यावर त्याचे समाधान होते.

येथे शास्त्रीय दृष्टीने आक्षेप घेता येतील. उपयुक्तता या सामान्य कल्पनेशी ही व्याख्या जुळत नाही. हात धुण्याचे पात्र उपयुक्त नाही असे कोण म्हणेल? परंतु कोशातील अर्थ वेजवुडला नकोच होता. ज्यावरून उद्या भांडण होणार नाही अशी रेषा त्याला हवी होती. ती रेषा त्याने वस्तूच्या अंगच्या गुणात न शोधता वस्तू वापरण्याच्या प्रसंगात शोधली. कारण गुण बदलत जातात, कारागीर अधिक कुशल होतो, पण जेवणाची वेळ तीच राहते. 'नफा' या आपल्या शब्दाचे मूळ असलेल्या अरबी शब्दाचा अर्थही लाभ, उपयोग असाच आहे हे लक्षात घेता, उपयुक्त म्हणजे काय हा प्रश्न नफा कोणाचा या प्रश्नातून उपजावा, हा योगायोग मोठा मौजेचा वाटतो.

दुसरा शब्द 'खर्च'. आणि येथे प्रकरण कठीण होते.

१७७२ च्या आरंभी वेजवुडची कीर्ती शिखरावर होती. राणी शार्लटच्या आश्रयामुळे त्याच्या फिकट पिवळसर भांड्यांना 'राणीची भांडी' हे नाव मिळाले होते. काळ्या मातीच्या त्याच्या कलशांसाठी लंडनमधील सरदारांची रीघ लागे. १७७१ मध्ये त्याने आणि बेंटलीने आणखी एक धाडस केले होते. जर्मनीतील राजेरजवाड्यांना न मागता मालाच्या सुमारे १,००० पेट्या, प्रत्येकी सुमारे २० पौंडांच्या, पाठवून दिल्या. पसंत पडल्यास पैसे पाठवावे, नाही तर माल परत करावा. बहुतेकांनी पुढे पैसे पाठविले, परंतु पैसे येईपर्यंत २०,००० पौंडांचा माल परदेशात अडकून राहिला. अशा स्थितीत जून १७७२ मध्ये लंडनच्या एका पेढीचा भागीदार अलेक्झांडर फोर्डाइस सट्ट्यात बुडून फ्रान्सला पळाला. त्याच महिन्यात स्कॉटलंडमधील एअर बँकेने पैसे देणे थांबविले. आणि पाहता पाहता देशभर पत आटली. उधारी वसूल होईना, देणेकरी मात्र तगादा लावू लागले.

या सुमारास वेजवुडने बेंटलीला जे विचारले त्याचा भावार्थ असा : हिशेबाप्रमाणे पाहता या धंद्यात मला एवढी प्राप्ती होते की तिच्यात वाटेल ते करता यावे, मग या घटकेला मी इतका पैशाला मोताद का? हा प्रश्न साधा दिसतो. लहान धंदा चालविणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी तो केव्हा ना केव्हा येतो, आणि बहुधा त्याचे उत्तर काळावर, गिऱ्हाइकावर किंवा नशिबावर सोपविले जाते. १७७२ साली तर बोट दाखविण्यास फोर्डाइस आयताच हजर होता. वेजवुडचे वेगळेपण येथे आहे. 'पैसे का नाहीत?' हा प्रश्न या स्वरूपात सुटण्यासारखा नाही हे ओळखून त्याने तो बाजूस ठेवला आणि त्याच्या जागी दुसरा घेतला : एक कलश करून विकण्यास काय काय लागते?

त्या वर्षीच्या ऑगस्टमधील पत्रांत या प्रश्नाची झटापट दिसते. करणावळ, विक्री, नुकसान वगैरे सर्व गोष्टी प्रत्येक नगावर कशा बसवाव्या यासाठी आठवडाभर डोके खाजवीत बसलो, असे तो लिहितो. तोवर या धंद्यात किंमत ठरे ती बाजाराच्या अंदाजाने आणि शेजारच्या कुंभाराकडे पाहून. आता त्याने माती, चाकावरची घडण, कातकाम, साचे, भाजणी, भट्टीतील फूट, लंडनपर्यंतची वाहतूक, तेथील दुकानाचा खर्च असे भाग पाडून दराची एक वही तयार केली व ती बेंटलीकडे पाठविली. जुन्या बर्स्लेमच्या यादीत नसलेली ती ओळ, भट्टीतील फुटीची, आता आली.

मग त्याने पडताळा घेतला. वहीप्रमाणे नगानगावर बसविलेला खर्च एका बाजूस आणि खतावणीत प्रत्यक्ष पडलेला खर्च दुसऱ्या बाजूस. दोन्ही जुळेनात. प्रत्यक्ष खर्च बराच अधिक होता. दुसऱ्या एखाद्याने वही चुकीची ठरवून फेकून दिली असती, किंवा फरक 'किरकोळ' या खात्यात घालून बेरीज साधली असती. (आपल्याकडील जमाखर्चात 'किरकोळ' आणि 'इतर' ही दोन खाती किती अज्ञान पोटात घेतात याचा कोणी अभ्यास केल्यास तो उद्बोधक ठरेल.) वेजवुडने फरकालाच प्रश्न विचारला : कारागिराच्या हातातून न गेलेला हा पैसा कोणत्या वाटेने गेला?

उत्तराचा पहिला भाग धंद्याच्या रचनेसंबंधी आहे आणि त्यामुळेच इतिहासकार त्याला महत्त्व देतात. वेजवुडच्या ध्यानात आले की खर्च या एका शब्दाखाली दोन भिन्न स्वभावाच्या गोष्टी नांदत आहेत. माती व मजुरी मालाबरोबर वाढते आणि मालाबरोबर घटते. परंतु जागेचे भाडे, नमुने व साचे करणाऱ्यांचे पगार, भट्टीचा अग्नी, कोठारे, कारकून ही सारी घड्याळाप्रमाणे आपल्या चालीने चालतात. माल थोडा होवो की पुष्कळ, त्यांना त्याचे सोयरसुतक नसते. पहिल्या प्रकारचा खर्च नगाचा आहे, दुसरा काळाचा आहे. आज वाणिज्य शाखेचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी यांना स्थिर खर्च व बदलता खर्च म्हणून ओळखतो. पण १७७२ मध्ये या वेगळेपणाला बाजारात रूढ नाव नव्हते. भेद प्रथम आकड्यांत जाणवला आणि घड्याळाच्या उपमेतून शब्दात आला. नवी संज्ञा जन्मास येण्यापूर्वीची ही अवस्था भाषेच्या अभ्यासकाला क्वचितच इतक्या जवळून पाहावयास मिळते.

या भेदातून व्यवहारात जे निघाले ते असे. कलशाच्या किमतीतील मोठा भाग साचे व नमुने यांचा असेल, तर एका नमुन्याचे थोडे नग काढून दुसऱ्या नमुन्याकडे वळणे ही चैन आहे. त्याच साच्यातून जितके अधिक नग निघतील तितका प्रत्येकावरचा भार हलका. पण अधिक नग घेणार कोण? थोरामोठ्यांनी हे कलश आपल्या वाड्यांत पुरेसा काळ मांडून ठेवले आहेत, मध्यमवर्गाने ते पाहिले आहेत व वाखाणले आहेत. आता किंमत उतरविली तर तो वर्ग ते घेईल, असा वेजवुडचा तर्क होता. मातीच्या हिशेबातून निघालेला प्रश्न अशा रीतीने समाजाच्या थरांपर्यंत जाऊन पोचला. किमती आधी उंच का ठेवल्या आणि आता का उतरवावयाच्या, या दोहोंचे समर्थन एकाच पत्रात वाचताना माणसाच्या धूर्तपणाचे कौतुकही वाटते आणि थोडी भीतीही.

उत्तराचा दुसरा भाग निराळ्याच जातीचा होता. आकड्यांचा मेळ घालता घालता लंडनमधील प्रमुख कारकून पैसे खात असल्याचे उघडकीस आले. इट्रूरियाचा रोखपाल पीटर स्विफ्ट याला लंडनला पाठवून तेथील वह्या नीट लावाव्या लागल्या, आणि दर आठवड्यास हिशेब मिटविण्याची शिस्त घालण्यात आली. 'चोरी होते का?' असा प्रश्न वेजवुडने विचारला नव्हता. विचारला असता तर 'नाही' असे उत्तर मिळाले असते, आणि ते कदाचित त्या कारकुनाकडूनच मिळाले असते. कलशाला काय लागते, या कोणावरही रोख नसलेल्या प्रश्नाने ती चोरी बाहेर काढली.

येथे मॅकेंड्रिक यांच्या प्रतिपादनाविषयी एक शब्द. वेजवुड हा परिव्यय-हिशेबाचा अगदी आरंभीचा मानकरी, असा त्यांच्या निबंधाचा रोख आहे. त्यानंतरच्या संशोधनात त्या शतकातील लोखंडाच्या कारखान्यांसारख्या इतर धंद्यांतही अशा प्रयत्नांचे पुरावे पुढे आले असल्याने अग्रमानाचा हा वाद आता तितका महत्त्वाचा राहिलेला नाही. १७७२ चे महत्त्व अग्रमानात नसून, एका माणसाच्या मनात प्रश्नाचे रूप कसकसे पालटत गेले ते आपण आठवड्या-आठवड्याने पाहू शकतो, यात आहे.

वेजवुडने जे विचारले नाही त्याचीही नोंद केली पाहिजे. बर्स्लेमच्या यादीत मालकाच्या श्रमाचे ६ शिलिंग आणि कारागिराचे ६ शिलिंग शेजारी शेजारी आहेत; दोघेही एकाच चाकाशी बसत असत. इट्रूरियात कामाचे बारीक तुकडे झाले, घंटा वाजवून माणसे आत येऊ लागली. आपल्या माणसांची अशी यंत्रे बनवावयाची की त्यांच्या हातून चूक होऊच नये, असे वेजवुडने १७६९ मध्येच बेंटलीला लिहिले होते. कलशाला किती मजुरी पडते हे त्याने पेनीपर्यंत विचारले. त्या मजुरीत कारागिराला काय पडते, हा प्रश्न त्या दराच्या वहीत बसणारा नव्हता. 'मजुरी' हा शब्दही उघडून पाहण्याजोगा होता. शब्दांची चिकित्सा करणाऱ्यानेही कोणता शब्द उघडावा आणि कोणता मिटलेला ठेवावा, हे त्याच्या बसण्याच्या जागेवरून ठरते.

तिसऱ्या शब्दाचा विचार संक्षेपाने करतो. बेंटलीच्या मृत्यूनंतर ती पत्रे थांबली. प्रश्न थांबले नाहीत. 'भट्टी किती तापली?' हा कुंभाराचा नित्याचा प्रश्न. त्याचे उत्तर रंगाने दिले जाई : लाल, नारिंगी, पांढरी. पण एकाचा लाल तो दुसऱ्याचा नारिंगी. दिवसा जो रंग दिसतो तो रात्री दिसत नाही. पाऱ्याचा तापमापक त्या उष्णतेपर्यंत पोचत नव्हता. वेजवुडने १७५९ पासून प्रयोगांची टिपणवही ठेवली होती आणि माती भाजल्यावर किती आकसते हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. तेव्हा त्याने ठराविक मापाचे मातीचे तुकडे भट्टीत ठेवून, थंड झाल्यावर, निमुळत्या होत जाणाऱ्या खाचेत सरकविण्याची युक्ती काढली. तुकडा जितका आकसलेला तितका तो खाचेत पुढे जाणार; जेथे अडकेल तेथील आकडा ही उष्णता. उष्णता म्हणजे डोळ्याला काय दिसते, याऐवजी उष्णता मातीचे काय करते, असे त्याने विचारले. या उपकरणावरील निबंध १७८२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत वाचला गेला आणि पुढील वर्षी त्याला तेथील सदस्यत्व मिळाले.

या मापनाची फॅरनहाइटच्या अंशांशी त्याने घातलेली सांगड मात्र पार चुकली. वेजवुडचा शून्य म्हणजे फॅरनहाइटचे सुमारे १,०७७ अंश, आणि पुढचा प्रत्येक अंश १३० फॅरनहाइट अंशांचा, असे त्याने बसविले. त्यामुळे चांदी वितळण्याचे तापमान त्याच्या गणिताने ४,७१७ अंश आले. वस्तुतः ते १,७६३ अंश आहे. पुढील पिढीतील रसायनज्ञांनी हा आकडा खाली आणला. तोपर्यंत, आणि काही ठिकाणी त्यानंतरही, मातीचे ते तुकडे प्रयोगशाळांतून वापरले जात राहिले. कारण कालची भट्टी आणि आजची भट्टी सारखी तापली का, हे ते तुकडे बऱ्याच भरवशाने सांगत असत, आणि भट्टीवाल्याला तेवढेच हवे असे.